आरसा अडला तो हंगाम

हलका, लवकर पिकणारा धान कापायला आला की आमच्या मुर्री गावाच्या हवेला एक वास येतो. वाळत्या पातीचा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. सकाळी दव असेपर्यंत त्यात गारवा मिसळलेला असतो. यंदा गोंदियाला स्टेशनवर उतरले, रिक्षा केली. शहर मागं पडलं, राइस मिलच्या कोंड्याचा धूर विरळ झाला आणि वळणावर तो वास आला. रिक्षावाला गाणं लावून मजेत चालला होता. मी मात्र ओढणी नाकाशी धरली. दोन वर्षं झाली त्या हंगामाला. तरी धरतेच.

ज्यांना या दिवसांत आनंद होतो त्यांचं मी खोटं म्हणणार नाही. मलाही व्हायचा. शाळेत असताना दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरातच असायचो. कापलेल्या धानाच्या मुठी ओळीनं आडव्या पडलेल्या असत. त्यांना आमच्याकडे कडपे म्हणतात. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेतून पळताना धसकटं पायाला टोचत, आणि त्या टोचण्याचीही सवय झालेली असे. कडपे दोन-तीन दिवस उन्हात वाळले की बांधायचे, आणि मग त्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचायचे. ते दोन-तीन दिवस मोठी माणसं सारखी वर बघत. तेव्हा मला वाटायचं, थकल्यावर माणूस वर बघतच असतो. त्या बघण्यात काय असतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही माझ्या स्वतःच्या चुकीनं.

मी बंगळुरूला काम करते. हवामानाच्या नव्या पिढीच्या उपग्रहांवर आमची संस्था काही वर्षं राबत होती. ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरणारे उपग्रह. आकाशात एका जागी थांबल्यासारखे दिसणारे उपग्रह वेगळे. ते दुरून ढगांचे माथे दाखवतात. आमचा खाली उतरून, पृथ्वीला चिकटून फिरतो, आणि ढगाच्या आतल्या हवेची ऊब आणि ओल, थर थर सोलल्यासारखी, मोजतो. एकदा सुट्टीत बाबांना मी हे समजावून सांगत होते. बाबांची हयात गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये गेली. यंत्र म्हटलं की ते कान देऊन ऐकतात.

"म्हणजे आपल्या डोक्यावरून किती खेपा जाते तो?" त्यांनी विचारलं.

"दिवसातून दोन."

"अन् बाकीच्या वक्ती?"

"बाकीच्या वेळी दुसऱ्यांच्या डोक्यावरून."

बाबा हसले. "बरोबर हाय. समद्यायचं पाहा लागते त्याले."

त्या उपग्रहावरच्या मुख्य यंत्रात एक आरसा फिरतो. जेवणाच्या ताटाएवढा, सोन्याचा मुलामा दिलेला. तो फिरता फिरता खालची पृथ्वी बघतो, मग थंड काळं अवकाश, मग यंत्रातच ठेवलेला एक गरम काळा ठोकळा. अवकाश किती थंड आणि ठोकळा किती गरम हे आधीच माहीत असतं, त्यावरून पृथ्वीचं माप लागतं. प्रत्येक फेरीत. वर्षानुवर्षं, न थांबता. आरसा फिरवणारी मोटर आणि तिचे बेअरिंग ही माझी जबाबदारी. आरसा अडला तर उपग्रह वर फिरत राहील, पण आंधळा.

त्या वर्षी यंत्र चाचणीच्या चेंबरमध्ये होतं. चेंबर म्हणजे पोलादी दाराची खोली. तिच्यातली हवा काढून घ्यायची, भिंती बर्फापेक्षा कितीतरी थंड करायच्या, मग तापवायच्या, पुन्हा थंड करायच्या. उपग्रह प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि उन्हात बाहेर येतो. ते त्याला जमिनीवरच सोसायला लावायचं. आम्ही बाहेर पडद्यांपुढे बसलेलो. मोटर किती वीज घेते त्याची हिरवी रेघ माझ्या पडद्यावर सरळ धावत होती. एका दुपारी, यंत्र सगळ्यात थंड असताना, ती रेघ वर उडाली. मोटरनं काहीतरी ओढलं. आरसा क्षणभर अडला, मग सुटला, आणि रेघ परत सरळ.

मी खुर्चीतून उठले होते. शेजारच्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बघितलंस का? त्यानं बघितलं नव्हतं. पण नोंद होती. आम्ही तीनदा तीच थंडी पुन्हा दिली. तीनदा रेघ सरळ राहिली. अहवालात लिहिलं गेलं: एकदाच घडलेली, पुन्हा न आढळलेली नोंद. यंत्र आहे तसं स्वीकारावं. खाली माझ्या सहीची जागा.

आमचे प्रमुख नायर सर. शांत माणूस, आवाज कधी चढवला नाही. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, आणि हा त्यांचा शेवटचा उपग्रह. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सुनंदा, वरचा जुना थकलाय. त्याचे आकडे रोज खराब होत चाललेत. त्याच्या जागी हा गेला नाही, तर मधला काळ आपण सगळे आंधळे." ते खोटं बोलत नव्हते. यंत्र उघडायचं म्हणजे रॉकेटवरची आमची पाळी जाणार होती. मी म्हटलं, सर, सह्यांच्या बैठकीपर्यंत वेळ द्या. मनातून मी सही करायचं जवळजवळ ठरवलं होतं. तीनदा सरळ रेघ म्हणजे सरळच, असं मी स्वतःला सांगत होते.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

"बाई, बाबा पडले. बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं म्हणते डॉक्टर. तू येऊन जाय."

माझा मोठा भाऊ ट्रक चालवतो. सडक अर्जुनीवरून रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं अर्धं आयुष्य. तेव्हा तो पार ओडिशात होता. घरी वहिनी एकटी. तिचं नाव कमल. शेती तीच बघते, लग्न होऊन आली तेव्हापासून. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात मऊ. बाबांची आंघोळ, औषधं, भाताची पेज सगळं ती करत होती आणि वर कापणी तोंडावर आलेली.

मी पोचले तोवर गोंदियातल्या दवाखान्यात ऑपरेशन होऊन गेलं होतं. तीन-चार दिवसांनी बाबांना घरी आणलं. खिडकीपाशी खाट लावली. औषधं आणायला मी बाजारात गेले, तर औषधवाल्यानं चिठ्ठी हातात घेऊन वर बघितलं. "दीदी, आप वो सॅटेलाइटवाली हो ना? बताओ, पानी आएगा क्या?" मी हसले. हसून वेळ मारून नेली. पण बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आपल्याला विचारावं असं गावाला वाटतं, याचं सुख असतंच.

संध्याकाळी वहिनी चुलीपुढे बसून म्हणाली, "उद्या बाया येऊन राहिल्या. कापू का नको, तेवढं सांग."

"फोनवर येतो ना अंदाज."

"येते. 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस.' म्हणजे काय व? आपली बांधी तुरळक हाय का नाही?" तिनं लाकूड आत सारलं. "पुढच्या हप्त्यात बाया नाही भेटत. समद्या सालेकसाकडे जातेत. हलका धान उभा राहिला तर दाणा गळते. तू त्याच कामात हायेस. सांग ना मंग."

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता. मी लॅपटॉप उघडला. आमच्या कामाच्या सोयीनं मला जुन्या उपग्रहाचे नकाशे बघता येत. तो दुपारी वरून गेला होता. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या उपग्रहाची नजर अरुंद आहे. एका फेरीत तो एक पट्टा बघतो, पुढच्या फेरीत शेजारचा. आपल्याकडच्या अक्षांशांवर त्या दोन पट्ट्यांच्या मधे एक फट राहते. नकाशात ती पांढरी दिसते, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखी. ही फट मिटवायची म्हणून तर नव्या पिढीच्या उपग्रहाची नजर आम्ही रुंद केली होती. त्या दिवशी कमी दाबाच्या पट्ट्याचा नेमका मधला भाग त्या फटीत सापडला होता.

म्हणजे मला दिसलं नव्हतं. कडेची हवा दिसली होती, आणि ती कोरडी होती. ढगांच्या चित्रावरून कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतोय असं वाटत होतं. मी बराच वेळ त्या पांढऱ्या दाण्याकडे बघत बसले. मग लॅपटॉप मिटला.

"काप," मी म्हटलं. "तीन दिवस काही होत नाही."

वहिनीचा चेहरा खुलला. "पक्कं?"

"पक्कं."

मी तो शब्द का उच्चारला, हे आजही नीट सांगता येत नाही. तिला धीर हवा होता म्हणून? की इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं मला माझ्या कामाचं काही विचारलं म्हणून? खाटेवरून बाबा ऐकत होते म्हणून? फटीचं तिला समजावून सांगायला चार वाक्यं लागली असती. ती चार वाक्यं मी खर्चली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. दवानं ओल्या बांधीत कमरेत वाकून ओळीनं कापत गेल्या. विळ्यांचा खसखस आवाज, मधूनच एखादीचं हसणं, पोवारी बोलीत एखादा टोमणा. दुपारी मीही विळा घेतला, तर एक बाई म्हणाली, "ठेव व बाई, बोट कापशील." सगळ्या हसल्या. संध्याकाळी संपूर्ण बांधी आडवी झाली होती. सोनेरी कडपे, त्यांवर तिरकं ऊन. मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मी तो कुणाला दाखवत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. आधी बाबांना कळलं. खिडकीतून येणारी हवा त्यांनी नाकानं ओढली. "पूर्वेचा हाय," ते म्हणाले. मी बाहेर आले. सालेकसाच्या डोंगरांकडचं आभाळ शिसवी लाकडासारखं काळं झालं होतं. वहिनी ताडपत्री घेऊन आधीच पळत सुटली होती. मी तिच्यामागं. शेजारच्या दोघी आल्या. आम्ही मिळेल तेवढे कडपे कवेत भरून धुऱ्याच्या उंच बांधावर नेत होतो. पहिले थेंब मोठे आणि विरळ होते. दाण्यांवर पडून टपटप वाजत होते. मग ते वाजणं थांबलं, कारण सगळाच एक आवाज झाला.

एक ताडपत्री केवढी आणि बांधी केवढी. अर्ध्या तासात धसकटांमधून पाणी उभं राहिलं आणि कडपे त्यात बसले. वहिनी पाण्यात ओणवी होऊन मुठी उचलत होती, झटकत होती, परत उचलत होती. मी तिला दोनदा म्हटलं, वहिनी, पुरे. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं. केस कपाळाला चिकटलेले, ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा वाकली.

पाऊस उघडल्यावर आम्ही ओटीवर बसलो. पायांवर चिखल वाळत होता. घरात धान, ओटीवर धान, बाबांच्या खाटेखालीसुद्धा धान पसरलेला. ओल्या कोंड्याचा आंबूस वास सुटला होता. तेव्हा तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"तुह्या मशीनले नाही समजलं, का तुले नाही समजलं?"

मी सांगितलं. नकाशातल्या फटीचं सांगितलं. मधलं काही दिसलंच नव्हतं, मी कडेवरून अंदाज केला, हे सांगितलं. चारच वाक्यं लागली.

"मंग असं काऊन नाही सांगतलं?"

"तुला कळणार नाही वाटलं."

"काय नाही कळत त्याच्यात?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "नाही दिसलं म्हणजे नाही दिसलं. एवढं मले समजत नाही वाटलं तुले? नाही दिसलं म्हणाली असतीस, तर अर्धीच बांधी कापली असती. अर्धी उभी ठेवली असती. आडवा धान सडते, उभा धान पाणी झेलते. एवढी अक्कल हाय मले."

ती उठून आत गेली. आतून बाबांनी हाक मारली. "सुनी, एक दाणा आण." मी चार दाणे नेले. मिलमध्ये असताना गाडीतला धान ते असाच तपासायचे. त्यांनी दाणा दातांखाली धरला. तो कटकन तुटला नाही, दबला. दुसरा चावला. बराच वेळ चघळला. "वरचा वाचते," ते म्हणाले. "पाण्यात बसला त्याले मोड येईन. आजच पसरवा, ढीग नका करू." त्यांच्या स्वरात दोष नव्हता. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सह्यांची ती बैठक होती. नेटवर्क फक्त बाबांच्या खिडकीपाशी लागतं, म्हणून शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून मी खाटेशेजारीच बसले. पायाखाली ओला धान. पडद्यावर बारा चेहरे. अंगणात वहिनी फावडं उलटं धरून धान परतवत होती. तो खरखर आवाज बैठकीत ऐकू जात होता. कुणीतरी म्हणालं, तुमचा माइक बंद करा. मी केला.

एकेक यंत्र पुढे सरकत होतं. एकेक सही होत होती. माझी पाळी आली तेव्हा पडद्यावर तोच अहवाल होता. एकदाच घडलेली, पुन्हा न आढळलेली नोंद. वाक्यात खोटं काही नव्हतं. मी ते आधी पन्नास वेळा वाचलं असेल. पण त्या दिवशी मला त्यातली पांढरी जागा दिसली. का घडली, हे त्यात कुठंच नव्हतं. आम्ही कडेकडेचं सगळं मोजलं होतं आणि मधलं बघितलंच नव्हतं.

मी माइक सुरू केला. "आरसा कशानं अडला ते आपल्याला माहीत नाही," मी म्हटलं. "तेवढं वाक्य अहवालात नाही. ते घालावं लागेल. आणि ते घातलं, तर मी सही करू शकत नाही."

नायर सर पुढे झुकले. "उघडायचं म्हणजे रॉकेटची पाळी जाते. कळतंय ना?"

"हो सर."

"जुना तोवर टिकेलच असं नाही."

"हो सर."

एक जण हळूच म्हणाला, "घरी अडचण असताना असे निर्णय घेऊ नयेत. परत आल्यावर बोलू." माझे कान तापले. त्याला वाटत होतं, दवाखाना आणि धावपळ यांनी मी हलले आहे. मी हललेच होते, पण त्या धावपळीनं नव्हे.

"परत आल्यावरही हेच सांगेन," मी म्हटलं.

बैठक संपली. लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि त्यात माझा चेहरा दिसला. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण 'नो' कळतो.

"कोणाले नाही म्हणून राहिलीस?"

"साहेबांना."

"नोकरी जाईन का?"

"नाही. बहुतेक नाही."

"मंग जेवून घे," ते म्हणाले.

त्या हंगामाबद्दल मी कुणाला सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, इथं गोष्ट संपली. पण खरा त्रास पुढेच होता. मी परत गेले, यंत्र उघडलं गेलं, आणि आत काहीच सापडेना. बेअरिंग स्वच्छ. मोटर ठीक. तेल जिथं असायला हवं तिथं. आठवडा गेला, दुसरा गेला, महिना गेला. रॉकेटची पाळी दुसऱ्याच उपग्रहाला मिळाली. जेवायच्या सुट्टीत मी टेबलाशी गेले की बोलणं हवापाण्यावर यायचं. हवामानाच्या संस्थेत हवापाण्यावर बोलणं म्हणजे बोलायला काही नसणं. त्याच दिवसांत वरच्या जुन्या उपग्रहाचा एक डोळा मिटला. हवेच्या एका थराचे आकडे यायचेच बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर वादळ चालून आलं, तेव्हा अंदाज करणाऱ्यांच्या हातात जेवढं असायला हवं होतं तेवढं नव्हतं. त्यानं किती फरक पडला, कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. पण वादळाच्या बातम्या मी उभ्यानं बघितल्या. बसवेना.

सापडलं ते फातिमामुळे. ती आमच्याकडे यंत्रांना सोनेरी पन्नीचं पांघरूण शिवते. थंडी-उन्हापासून बचावाला हे पांघरूण लागतंच. ती एका दुपारी दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन यंत्रात वाकली होती. "मॅडम, इकडे या," ती म्हणाली. फिरत्या आरशाच्या मागच्या बाजूला केसाएवढी रेघ होती. ओरखडा. समोर पांघरुणाची एक कड, नखाएवढी, चिकटपट्टीतून सुटून वळलेली. अतिथंडीत पन्नी आखडली, कड उचलली गेली, आरशाला लागली, आणि त्या धक्क्यानंच मागं दुमडून बसली. म्हणून आम्हाला तीनदा सरळ रेघ दिसली. वर गेल्यावर मात्र दिवसातून चौदा वेळा सावली आणि चौदा वेळा ऊन. ती कड कधीतरी पुन्हा उठलीच असती.

नायर सरांना बोलावलं. त्यांनी फातिमाचा छोटा आरसा हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "किती लहान," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी संपूर्ण उपग्रहाच्या प्रत्येक कडेची तपासणी लावली. मला ते काही बोलले नाहीत. शाबासकी नाही, आणि मला ती नकोही होती. उपग्रह तयार झाला तोवर ते ठरल्या तारखेला निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू बरोबर होतीस," ते म्हणाले. मग, "पण मला तो वर गेलेला बघायचा होता, इथं या खुर्चीत बसून."

यंदा मी घरी आले तेव्हा वहिनीनं जेवताना विचारलंच, कापू का. त्या वर्षीचा राग तिनं धरला नाही, पण विसरलीही नाही. मी आता तिला दिसलेलं आणि न दिसलेलं दोन्ही सांगते. ती ऐकते, भाताचा घास करते, दाराबाहेर एकदा बघते आणि स्वतः ठरवते. यंदा तिनं वरची बांधी कापली, खालची राहू दिली. बाबा काठी टेकत धुऱ्यापर्यंत जातात, तिथून सूचना देतात. त्या कुणी ऐकत नाही.

उपग्रह गेला तो गेल्या वर्षी, मळणीच्या दिवसांत. रॉकेट उडालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला फक्त सावलीची भीती होती. काही दिवसांनी आरसा सुरू करायचा आदेश गेला. नियंत्रण कक्षात आम्ही पडद्यांपुढे बसलो. मागच्या रांगेत पाहुणे म्हणून नायर सर होते. मी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही, धीर झाला नाही. हिरवी रेघ सुरू झाली. सरळ. उपग्रह उन्हात होता. कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं: सावली दहा मिनिटांवर. पाच. आता.

यंत्राचं तापमान उतरायला लागलं. रेघ सरळ. आणखी उतरलं. माझ्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की नंतर खुणा उमटलेल्या दिसल्या. चेंबरमध्ये ती रेघ ज्या थंडीला उडाली होती, तो आकडा आला. मी श्वास धरला. आकडा गेला. रेघ सरळ. मग पुढची सगळी सावली, आणि मग पलीकडून ऊन. खोलीत टाळ्या झाल्या. मी उठले नाही. मी दुसरी सावली बघितली. तिसरी बघितली. मग खांद्यावर एक हात पडला. नायर सर होते. "जा आता, चहा पी," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते.

मी बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. दुपार होती. तिकडे कानठळ्या बसतील असा घरघराट.

"वहिनी, मी सुनंदा!"

"काय म्हणतेस? मोठ्यानं बोल व! मळणी चालू हाय, ऐकू नाही येऊन राहिलं!"

"आमचं सुरू झालं, वहिनी!"

"काय?"

मग तिनं तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, "बंद कर गा, बंद कर! पोरगी काहीतरी सांगून राहिली!" मशीन हळूहळू बसत गेलं. पट्ट्याचा शेवटचा फडफडाट विरला. एकदम शांत झालं. लांबून बाबांचं खोकणं ऐकू आलं, आणि कुठलातरी पक्षी.

"हां," वहिनी म्हणाली. "सांग आता."

सांगायला पुष्कळ होतं. मी भिंतीला टेकले.

"फिरून राहिला, वहिनी," मी म्हटलं. "आरसा फिरून राहिला."